कंपवात : हात थरथरण्याआधी आणि त्यानंतर



कंपवात हे नाव आपल्या भाषेत इतके रुळले आहे की, हात थरथरल्याशिवाय हा आजार नाहीच अशी आपली समजूत झाली आहे. या समजुतीमुळे रुग्णाची काही वर्षे वाया जातात. पार्किन्सन्सच्या कितीतरी रुग्णांना सुरुवातीला कंप नसतो, काहींना तो कधीच येत नाही. या आजाराचे मुख्य लक्षण आहे मंदपणा. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. चालताना एक हात हलायचा थांबतो. आवाज बारीक होतो आणि घरचे म्हणतात, "नीट बोला की!" अक्षर ओळीगणिक लहान होत जाते आणि बँकेत सही जुळत नाही. या सगळ्याला आपण 'वय झाले' असे म्हणून मोकळे होतो.

1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी अवघ्या सहा जणांची हकीकत लिहून या आजाराचे पहिले नेमके वर्णन केले. 11 एप्रिल ही त्यांची जन्मतारीख आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळली जाते. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक छोटा भाग असतो. तेथील पेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात आणि त्यावर हालचालींची सहजता अवलंबून असते. या पेशी हळूहळू मरतात. त्यांच्यात आल्फा-सिन्युक्लिन नावाचे प्रथिन गुठळ्या करून साचते, हे 1997 मध्ये स्पष्ट झाले. लक्षणे दिसू लागतात तेव्हा या पेशींचा मोठा भाग आधीच गेलेला असतो.

आजार आधी कोठे सुरू होतो?

जर्मनीतील ब्राक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये असे मांडले की, ही गुठळ्यांची प्रक्रिया पुष्कळदा वास घेणाऱ्या भागात आणि मेंदूच्या देठाशी सुरू होते आणि मग वर सरकते. म्हणून काही खुणा कितीतरी वर्षे आधी दिसतात. फोडणीचा वास येईनासा होतो. बद्धकोष्ठता जडते. झोपेत माणूस स्वप्नातल्याप्रमाणे ओरडतो, लाथा झाडतो. यातली शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती फक्त शेजारी झोपणाऱ्यालाच कळते. मात्र नुसती बद्धकोष्ठता म्हणजे पार्किन्सन्स नव्हे. दोन-तीन खुणा एकत्र असतील आणि त्यात मंदपणाची भर पडली, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे.

2023 मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाठीच्या कण्यातील द्रव तपासून ही गुठळी करणारी प्रथिने ओळखता आली. सुमारे 88 टक्के रुग्णांमध्ये चाचणी बरोबर आली आणि लक्षणे नसलेल्या काही धोक्याच्या व्यक्तींमध्येही ती सापडली. आज ही चाचणी मुख्यतः संशोधनासाठी आहे. निदान अजूनही अनुभवी डॉक्टरच्या नजरेने आणि तपासणीनेच होते.

निदानापूर्वी एक गोष्ट जरूर करा. घरातील औषधांचा डबा डॉक्टरांपुढे ठेवा. चक्करेसाठी वर्षानुवर्षे घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, अपचनाच्या काही गोळ्यांतील लेव्होसल्पिराइड यांनीही हुबेहूब असाच मंदपणा आणि कंप येतो. औषध बंद केल्यावर काही महिन्यांत तो बहुधा ओसरतो. मात्र बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचाच हवा.

औषध आणि घड्याळ

स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस डोपामाइनचे महत्त्व दाखवले. त्यासाठी 2000 साली त्यांना नोबेल मिळाले. डोपामाइन थेट दिले तर ते मेंदूत शिरत नाही, म्हणून त्याचा पूर्वज असलेले लेव्होडोपा देतात. ते वाटेतच मोडू नये म्हणून गोळीत कार्बिडोपा मिसळलेले असते. आजही यापेक्षा प्रभावी गोळी नाही. "लवकर सुरू केले तर लवकर निकामी होते" या भीतीने अनेकजण ती टाळतात. 2019 मध्ये नेदरलँड्समधील 445 रुग्णांच्या चाचणीत औषध 40 आठवडे आधी सुरू केल्याने नुकसान दिसले नाही. त्याने आजार थांबतो असेही दिसले नाही. म्हणजे त्रास होत असेल तर तो सोसत बसण्यात काही मिळवायचे नाही.

आजार वाढतो तशी प्रत्येक मात्रा कमी वेळ टिकते, म्हणून गोळी ठरल्या वेळेलाच हवी. जेवणातील प्रथिने आतड्यात लेव्होडोपाशी स्पर्धा करतात. डाळ, दूध, पनीर यांच्याबरोबर घेतलेली गोळी कमी लागू पडते. जेवणाआधी साधारण अर्धा ते एक तास हा सामान्य नियम आहे. मळमळत असेल तर भाकरीचा लहान तुकडा चालतो. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

येथे उपवासाचा प्रश्न येतो. आम्हा जैनांकडे दशलक्षण पर्वात दिवसातून एकदाच अन्नपाणी घेणारे वृद्ध असतात, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे असतात. इतर घरांत निर्जळी एकादशी असते. लेव्होडोपा अचानक थांबवले तर तीव्र ताप, अंग काष्ठवत होणे, शुद्ध हरपणे असे जिवावर बेतणारे संकट ओढवू शकते. शक्ती पाहूनच तप करावे, असे आपली परंपराच सांगते. व्रत घेण्याआधी महाराजांशी आणि डॉक्टरांशी बोला. नियम स्वाध्यायाचा घ्या, मौनाचा घ्या, गोळी सोडण्याचा घेऊ नका. रुग्णालयात दुसऱ्या कारणाने दाखल झालात तरी गोळ्यांच्या वेळा लिहून परिचारिकेच्या हाती द्या.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून हे मीच स्पष्ट लिहिणे योग्य. लेव्होडोपाची जागा घेईल असे माझ्या पेटीत काही नाही. आमच्या गोळ्यांसाठी कोणी ते बंद करू नये. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्येच दाखवले. पण चूर्णातले प्रमाण सारखे नसते. गोळीवर ते गुपचूप घेतले तर मात्रा दुप्पट होऊ शकते.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांनी काहींना जुगाराची किंवा बेसुमार खरेदीची ओढ लागते. तो स्वभावदोष नसून औषधाचा दुष्परिणाम असतो. लाजेने लपवू नका, डॉक्टरांना सांगा.

नवे काय?

1987 मध्ये फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे बेनाबिद यांनी मेंदूत तारा बसवून विजेच्या सूक्ष्म लहरींनी कंप थांबवला. ही शस्त्रक्रिया आता भारतातही होते. 2025 मध्ये मेंदूचे संकेत वाचून स्वतःच लहर कमीजास्त करणाऱ्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. 2024 मध्ये तेथेच त्वचेखालून दिवसरात्र औषध सोडणाऱ्या पंपालाही मान्यता मिळाली.

आजार रोखण्याची आशा मात्र वरखाली होत आहे. मधुमेहाच्या लिक्सिसेनाटाइडने 2024 मध्ये 156 रुग्णांत थोडा फायदा दाखवला. पण त्याच जातीचे एक्झेनाटाइड 2025 मध्ये मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. त्याच वर्षी अमेरिका-कॅनडात 12 आणि जपानमध्ये 7 रुग्णांच्या मेंदूत मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी बसवल्याचे अहवाल आले. त्या सुरक्षित राहिल्या, ही मोठी गोष्ट. पण अशा चाचणीत रुग्णाकडून शुल्क घेत नाहीत. कोणी आज 'स्टेम सेल'चे पॅकेज विकत असेल तर त्याला नमस्कार करून परत या.

घरात काय करावे?

व्यायाम हा उपचाराचाच भाग माना. झेपेल तितके जोराने चालावे, मोठ्याने वाचावे. साहित्यप्रेमी घरांत दुसऱ्या गोष्टीची अडचण नसावी. दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तेव्हा रुग्णाला ओढू नका. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा. पट्टी ओलांडायची म्हटले की पाय उचलतो. तालावर, "एक-दोन" म्हणतही उचलतो. संडासात आधाराला दांडी बसवा, पायाखालची पायपुसणी काढा. उदासपणा हा या आजाराचाच एक भाग आहे आणि त्यावर उपचार आहेत. सांभाळणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल, हेही घरातल्यांनी ठरवावे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतही अशी संस्था आहे. रुग्ण एकत्र व्यायाम करतात, बोलतात, नाचतातही. आपल्या गावी असे काही नसेल तर ग्रंथालयाच्या खोलीत महिन्यातून एकदा चार रुग्ण आणि त्यांचे घरचे बसू शकतात. त्याला डॉक्टर लागत नाही.

पुढच्या वेळी तपासणीला जाताना एक वही सोबत न्या. गोळी किती वाजता घेतली, किती वाजता हालचाल मोकळी झाली, किती वाजता अंग पुन्हा जड झाले, असे तीन दिवसांचे लिहिलेले असावे. रुग्णाला लिहिता येत असेल तर त्यानेच लिहावे. अक्षर बारीक होत चालले असेल तर तेही डॉक्टरांना दिसेल.