सेन्सर पाचव्या दिवशी निघाला तर?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या आईवडिलांना डॉक्टर इन्सुलिन पंपाबद्दल सांगतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मशीन केवढ्याला? उत्तर लाखांत येतं आणि बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. पण कर्ज काढून, दागिने मोडून जी घरं मशीन आणतात, त्यांना खरा खर्च दुसऱ्या महिन्यापासून कळू लागतो.

पंपातलं इन्सुलिन बारीक नळीतून त्वचेखालच्या कॅन्युलात जातं. हा सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. म्हणजे महिन्याला दहा ते पंधरा सेट, इन्सुलिन भरायचे रिझर्व्हॉयर वेगळे. इन्सुलिनही नेहमीचं चालत नाही. आपल्या मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी स्वस्त बाटली एका मिलिलिटरला 40 युनिटची असते, तर पंपाचा सगळा हिशेब 100 युनिटचा. त्यामुळे 100 युनिटचं, जलद काम करणारं, महागडं इन्सुलिनच घ्यावं लागतं.

त्यात साखर सतत मोजणाऱ्या सेन्सरची भर. दंडावर चिकटवायचा, चौदा दिवस चालणारा सेन्सर साधारण साडेचार-पाच हजारांना पडतो. वर्षाला सव्वीस लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. तेही एकही वाया गेला नाही तर. पाच हजारांचा सेन्सर पुरे चौदा दिवस टिकला, तर रोजचे साडेतीनशे रुपये होतात. मे महिन्यातल्या घामाने तो पाचव्या दिवशी निघाला, तर तेच हजारावर जातात. किंमत आणि भरवसा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असं मला वाटतं ते यामुळेच. मशीन जितकं कमी भरवशाचं, तितकं ते घरासाठी महाग.

सेन्सर चुकतो कसा, हेही नीट समजून घ्यायला हवं. तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. तिथे बदल पोचायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर फरक जाणवत नाही. खेळून आल्यावर झपाट्याने उतरत असेल, तर पडद्यावरचा आकडा मागे राहतो. आजचे चांगले सेन्सर रक्ताच्या मोजणीपेक्षा सरासरी आठ-नऊ टक्क्यांनी इकडेतिकडे असतात. पण ही सरासरी आहे. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवशी आणि शुगर कमी असताना चूक मोठी असू शकते. मूल सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं तरी दाबामुळे आकडा खाली पडतो. रात्री तीनला अलार्म वाजतो, स्क्रीनवर 58 दिसतं, आई धावत ग्लुकोजची पावडर घेऊन येते आणि बोटाला सुई टोचून पाहते तर 112. म्हणून सेन्सर असला तरी ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप घरात लागतातच.

पंपाची चूक याहून गंभीर. पंपावर असलेल्या माणसाच्या शरीरात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो. कॅन्युला आत दुमडली, तर काही तासांतच रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढायला लागतात. शुगर उतरत नसेल आणि कीटोन वाढले असतील तर आधी पेनने इन्सुलिन घ्यायचं आणि मग सेट बदलायचा, हे शाळेतल्या बाईंनाही माहीत असावं लागतं. नामांकित कंपनीचं मशीनही याला अपवाद नाही. मेडट्रॉनिकच्या मिनीमेड 600 मालिकेत रिझर्व्हॉयर घट्ट धरणारी कडी तुटण्याच्या तक्रारी आल्या. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या पंपांची परत-मागणी (रिकॉल) सर्वांत गंभीर वर्गात टाकली. तीन लाखांहून जास्त पंपांचा तो प्रश्न होता.

एवढं असूनही ही साधनं नकोत असं माझं म्हणणं नाही. सेन्सरचं ऐकून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारे पंप आल्यापासून कितीतरी घरांना रात्रीची झोप परत मिळाली आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2023 मध्ये अशा पंपांना सरकारी शिफारस मिळाली आणि एप्रिल 2024 पासून पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने ते देण्याचं काम सुरू झालं. आपल्याकडे बहुतेक आरोग्य विमा दवाखान्यात दाखल झाल्यावरच खर्च देतो. कीटोन वाढून मूल आयसीयूत गेलं तर बिल मंजूर होतं. ती वेळ टाळू शकणारा सेन्सर मात्र खिशातून घ्यायचा. हे बदलायलाच हवं, आणि सुरुवात लहान मुलांच्या सेन्सरपासून करावी. पैसे मोजकेच असतील तर मीसुद्धा आधी सेन्सर आणि पेन हेच निवडेन. पंपाचा विचार नंतर.

घेण्याआधी विक्रेत्याला विचारा : सेन्सर मध्येच बंद पडला तर बदलून मिळतो का, किती दिवसांत, पंप दुरुस्तीला गेला तर तोवर दुसरा देता का? उत्तर लेखी घ्या. निघालेला सेन्सर फेकू नका, खोक्यावरच्या लॉट नंबरचा फोटो ठेवा. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी 2015 पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. तिथे डॉक्टरच नाही, रुग्णही तक्रार नोंदवू शकतो.