गाजर गवत आणि इसब

पावसाच्या पहिल्या सरींबरोबर बांधावर, रस्त्यांच्या कडेला व पडीक जमिनीत गाजर गवत तरारून उठते. मूळचे अमेरिका खंडातील हे तण १९५५ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम ठळकपणे नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. ते पिकांचे जसे नुकसान करते, तसेच माणसाच्या त्वचेचेही करते.

या वनस्पतीच्या सूक्ष्म केसांत 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य असते. वारंवार संपर्क आल्याने काही व्यक्तींच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या द्रव्याला शत्रू मानू लागते. वर्षानुवर्षे हे गवत निर्धास्तपणे उपटणाऱ्या शेतकऱ्यास एखाद्या हंगामात अचानक इसब होतो, तो यामुळेच. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्याबरोबर उडत असल्याने पापण्या, मान व कोपरांच्या खोबणी यांवर प्रथम खाज सुटते. पुढे त्वचा लाल होते, लसते आणि कालांतराने जाड व काळसर बनते.

हा विकार संसर्गजन्य नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवले पाहिजे. रोग्याची ताट-वाटी वा अंथरूण वेगळे करण्याचे काहीच कारण नाही. कोणाच्या शापाचा किंवा रक्तदोषाचाही येथे संबंध नाही.

एकदा जडलेली ही संवेदनशीलता सहसा जात नाही. म्हणून संपर्क टाळणे हाच मुख्य उपाय होय. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, घरी परतताच स्नान करून ते बदलावेत. सौम्य साबण वापरावा आणि त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल अथवा व्हॅसलीन लावावे. स्टिरॉइडयुक्त मलमे गुणकारी असली, तरी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व सांगितलेल्या मुदतीपुरतीच वापरावीत. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमाने त्वचा पातळ होऊन दुखणे बळावण्याचा संभव असतो. त्वचा चिघळल्यास, पू झाल्यास वा ताप आल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

मात्र एकट्याने घेतलेली काळजी पुरेशी नाही. शेजारच्या बांधावरील गवताचे कणही रोग्याला सुखाने राहू देत नाहीत. एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलोऱ्यापूर्वीच, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. ज्यांना इसब आहे त्यांनी मात्र या कामापासून दूर राहावे. १९८३ साली मेक्सिकोतून आणलेले, या गवताची पाने खाणारे भुंगेही या कामी साह्यकारी ठरतात. सारा गाव एकाच वेळी कामाला लागला, तर इसबामुळे आपली शेती सोडण्याची पाळी कोणावर येणार नाही.