इंटरनेट कंपनी बदलली, आता जुन्या मेल कुठे शोधायच्या?

चांदूर बाजारात तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड सोडून फायबर घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. एकेकाळी बीएसएनएलच्या ग्राहकांना संचारनेट, डेटावनचे मेल पत्ते असायचे. असा कंपनीचा पत्ता कनेक्शनसोबत बंद पडू शकतो. तरी जुन्या मेल गेल्याच असं धरून चालू नका!

आउटलुक एक्सप्रेस किंवा थंडरबर्डमध्ये पीओपी पद्धतीने मेल घेतली असेल, तर ती कंपनीच्या सर्व्हरवरून उतरून थेट तुमच्या कॉम्प्युटरवर साठते. म्हणजे संत्र्याच्या व्यापाऱ्याशी झालेला जुना पत्रव्यवहार बहुधा घरातल्या त्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्येच आहे. तो कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. आउटलुक एक्सप्रेसच्या फाइलींच्या शेवटी डीबीएक्स असतं, आउटलुकच्या बाबतीत पीएसटी. या फाइलींचे फोल्डर बऱ्याचदा लपवलेले असतात, म्हणून विंडोजमध्ये आधी लपलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करा. थंडरबर्डची मेल प्रोफाइल फोल्डरमध्ये असते. सापडलं की सगळ्यात आधी पेन ड्राइव्हवर प्रत काढा, मगच पुढची खटपट. प्रोग्राममधून जुनं खातं घाईने काढू नका, संदेशही पुसले जाऊ शकतात.

आयमॅप वापरत असाल तर मूळ मेल सर्व्हरवरच असते. तिथे कनेक्शन तोडण्याआधीच सगळं 'लोकल फोल्डर्स'मध्ये उतरवून घ्या.

आणि बँकेत, आधारला, पॅनला जुना पत्ता दिला असेल तर तो आजच बदला.