घरात घुसलेले संकट : ‘द डेस्परेट अवर्स’

कथासूत्र : तुरुंगातून पळालेले तीन कैदी इंडियानापोलिसमधील एका मध्यमवर्गीय घरात शिरतात आणि कुटुंबाला ओलीस ठेवतात.

कादंबरी : १९५४. लेखक जोसेफ हेज.

नाटक : १९५५, ब्रॉडवे. नाट्यरूपांतर हेज यांचेच. गुन्हेगार पॉल न्यूमन, कुटुंबप्रमुख कार्ल माल्डेन. सर्वोत्कृष्ट नाटकाचा टोनी पुरस्कार.

चित्रपट : १९५५, कृष्णधवल. दिग्दर्शक विल्यम वायलर. हम्फ्री बोगार्ट आणि फ्रेडरिक मार्च समोरासमोर.

नवी आवृत्ती : १९९०. दिग्दर्शक मायकेल चिमिनो. भूमिका मिकी रूर्क, अँथनी हॉपकिन्स.

हिंदी अवतार : ‘३६ घंटे’ (१९७४). राजकुमार, सुनील दत्त, माला सिन्हा.

वास्तव आणि कल्पित :
- १९५२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका कुटुंबाला तीन फरार कैद्यांनी सुमारे १९ तास घरातच डांबले होते. कोणालाही इजा झाली नाही.
- कादंबरी व नाटकात मात्र मारहाण आणि हिंसा आहे.
- ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९५५ मध्ये नाटकाचा संबंध या घटनेशी जोडला. कुटुंबाने दावा लावला.
- अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कुटुंबाची बाजू रिचर्ड निक्सन यांनी मांडली. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.
- १९६७ चा निकाल साप्ताहिकाच्या बाजूने लागला.