दृष्टीचे साम्य आणि मापाचे साम्य

संगणकाच्या साहाय्याने केलेल्या आरेखनात ‘दोन आकार जुळतात’ या विधानाचे दोन अर्थ संभवतात. एका अर्थाने दोन्ही आकृत्यांची मापे सारखी असतात; दुसऱ्या अर्थाने त्या डोळ्यास सारख्या भासतात. या दोहोंतील अंतर छापील अक्षरात विशेष जाणवते आणि म्हणूनच संहितेच्या अभ्यासकांनीही त्याची दखल घ्यावयास हवी.

या आरेखनपद्धतीचा एक महत्त्वाचा उगम मोटारींच्या कारखान्यांत आहे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ पासून, आणि रेनो कंपनीत प्येर बेझिये यांनी त्यापुढील दशकात, वक्ररेषा मोजक्या बिंदूंनी निश्चित करण्याची रीत परस्परांपासून स्वतंत्रपणे घडविली. तिच्या नित्याच्या रूपात चार बिंदू असतात. पहिल्या व शेवटच्या बिंदूतून रेषा जाते. मधले दोन तिला आपापल्या दिशेने ओढ देतात. आरेखक हे दोन बिंदू सरकवीत राहतो आणि हाताने काढलेल्या मूळ चित्रावर रेषा नीट बसली, की थांबतो. कोठे थांबावे, हे त्याचा डोळा ठरवितो.

अशा रेषांनी निर्दोष वर्तुळ काढता येत नाही. चार खंड जोडून काढलेल्या, १० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात ०.०३ मिलिमीटरहूनही कमी चूक उरते आणि डोळा ती मुकाट्याने स्वीकारतो. अक्षरांच्या बाबतीत मात्र तोच डोळा काटेकोर समानतेलाही हरकत घेतो. एकाच जाडीच्या आडव्या व उभ्या रेघांपैकी आडवी रेघ अधिक जाड भासते. तेव्हा शिरोरेषा आणि काना समान दिसावेत अशी इच्छा असेल, तर शिरोरेषा किंचित बारीक करावी लागते.

हॅम्बुर्ग येथे पेटर कारोव यांनी १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केलेल्या ‘इकारुस’ प्रणालीत, हाताने रेखाटलेल्या अक्षराच्या कडेवर बिंदू टिपून त्याची आकृती संगणकात उतरविली जात असे. डोनल्ड कनूथ यांच्या ‘मेटाफॉन्ट’ने निराळा मार्ग धरला, तेथे अक्षर म्हणजे लेखणीच्या गतीचे गणिती वर्णन होय. दोन्ही मार्गांत एक मोह होताच. एकदा काढलेला अवयव पुन्हा कशाला काढावा?

देवनागरीत हा मोह फारच प्रबळ होतो. ‘प’चे पोट तिरक्या रेघेने छेदले, की ‘ष’ होतो (शाळेतील मुले त्याला ‘पोटफोड्या’ म्हणतात, ते उगीच नव्हे). ‘व’चे छेदले, की ‘ब’. संगणकाने ‘व’ची हुबेहूब प्रत काढून तीत रेघ घातली, तर मापाचे साम्य पूर्ण साधते, परंतु ती रेघ पोटातील पांढरी जागा खाते आणि ‘ब’ आपल्या शेजाऱ्याहून काळा, कोंदटलेला दिसू लागतो. लहान आकाराच्या छपाईत तर तो भरून जाण्याचीच धास्ती. उपाय म्हणून ‘ब’चे पोट थोडे रुंद करावे लागते किंवा आतील रेघ बारीक. मापे अशी जाणूनबुजून बिघडविली, म्हणजे अक्षरे एका घराण्यातील वाटतात. संगणकावरील ‘मंगल’ हा परिचित देवनागरी टंक घडविणारे र. कृ. जोशी कवी आणि सुलेखनकार होते, हे येथे आठवते.

छापील पृष्ठावरून अक्षरे ओळखण्याचे काम यंत्राकडे सोपविले, की हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. आकृतीवर आकृती ठेवून पाहिली, तर ‘व’ आणि ‘ब’ जवळजवळ एकच ठरतात. भेद एका रेघेचा, पण ‘वात’ची ‘बात’ होते. याउलट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून उघडच वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ती मराठीसाठी निश्चित केली; तरी युनिकोडमध्ये दोन्ही वळणांच्या ‘ल’ला संकेतांक एकच आहे, कारण अक्षर एकच आहे. उत्तर भारतातील पुष्कळ हस्तलिखितांत तर ‘ब’ आणि ‘व’ यांसाठी एकच आकृती येते. तेथे आकार कितीही नेमका जुळला, तरी अक्षर कोणते याचा निर्णय शब्द वाचूनच करावा लागतो.