काश्मीरच्या सरोवरांचा ट्रेक : उंचीचा आजार कसा टाळाल?

"डॉक्टर, पुढच्या महिन्यात काश्मीरला ट्रेक आहे. उंचीवरच्या त्या गोळ्या तेवढ्या लिहून द्या." जून-जुलैमध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. अशा वेळी मी गोळ्या लिहिण्याआधी एकच प्रश्न विचारतो : कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार आहात? बहुतेकांना सर्वांत उंच खिंड किती मीटरवर आहे ते पाठ असते, पण झोपण्याची उंची ठाऊक नसते. आजार होणार की नाही हे मात्र मुख्यतः त्यावरच ठरते.

उंचीवर नेमके काय होते?

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. पण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. ४,२०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के उरतो. म्हणजे तेवढ्याच श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. शरीर हळूहळू याच्याशी जुळवून घेते : श्वास खोल आणि जलद होतो, लघवीला जास्त होते. या जुळवणीला काही दिवस लागतात. त्याआधीच आपण वर गेलो, तर उंचीचा आजार होतो.

सह्याद्रीतील अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि हा आजार साधारण २,५०० मीटरच्या वर दिसू लागतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या तरुणालाही तो होऊ शकतो. उलट, दमसास चांगला असलेली माणसे भराभर वर जातात आणि जास्त अडचणीत येतात. तयारी म्हणून चालणे, जिने चढणे जरूर करा. त्याने पाय आणि हृदय तयार होते, पण उंचीची सवय होत नाही.

मार्ग समजून घ्या

सोनमर्गहून निघून विशनसर, किशनसर, गडसर, सातसर आणि गंगबल ही सरोवरे पाहत नारानागला उतरणारा हा मार्ग साधारण जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. ('सर' म्हणजे सरोवर.) उंची अंदाजे अशी :

- श्रीनगर : १,६०० मीटर
- सोनमर्ग : २,७०० ते २,८०० मीटर
- निचनाई मुक्काम : ३,५०० मीटर
- विशनसर मुक्काम : ३,७०० मीटर (वाटेत निचनाई खिंड, ४,००० मीटरच्या वर)
- गडसर खिंड : ४,२०० मीटर

वैद्यकीय नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. सोनमर्ग ते निचनाई या पहिल्याच टप्प्यात उंची सुमारे ७०० मीटर वाढते. मुंबई-पुण्याहून विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी चालायला लागलो, तर शरीराला तयारीसाठी वेळच मिळत नाही.

यावर उपाय सोपा आहे : एक रात्र श्रीनगरला आणि दोन रात्री सोनमर्गला राहा. मधल्या दिवशी थाजीवासच्या बाजूला थोडे वर चढून परत या. विशनसरचा विश्रांतीचा दिवस असलेलाच कार्यक्रम निवडा. रजा वाचवायची असेल तर ती शेवटी वाचवा, सुरुवातीला नको.

'खाली उतरा' हे नेहमी सोपे नसते

उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे. पण या मार्गावर निचनाई खिंड ओलांडली की परतीच्या वाटेवरही तीच खिंड पुन्हा चढावी लागते. गडसरला पोहोचल्यावर तर पुढे-मागे दोन्हीकडे खिंडी आहेत. त्यामुळे खरा निर्णय निचनाईच्या मुक्कामावर, पहिल्या सकाळी घ्यायचा असतो. तिथून सोनमर्गपर्यंत सगळा उतार आहे. त्या सकाळी डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर खिंड चढू नका. एक दिवस थांबा. बरे वाटले नाही तर परत फिरा. प्रत्येक मुक्कामावरून आजारी माणसाला कोणत्या वाटेने आणि किती वेळात खाली आणता येईल, हे आयोजकाला पैसे भरण्याआधी विचारा. सोबत प्राणवायूचा सिलिंडर आहे का, तेही विचारा.

लक्षणे ओळखा

*सौम्य आजार* : डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, भूक मंदावणे, थकवा किंवा चक्कर. वर गेल्यावर साधारण ६ ते २४ तासांत हे सुरू होते. अशा वेळी आणखी वर जाऊ नका. विश्रांती घ्या, डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते.

*मेंदूला सूज* : माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, खूप गुंगीत असतो. शंका आल्यास त्याला टाचेला बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमत नसेल तर धोका आहे.

*फुप्फुसांत पाणी* : बसल्या जागी धाप, सतत खोकला, कधी फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, निळसर ओठ. हे बहुधा उंचीवर गेल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या रात्री दिसते. डोकेदुखी नसली तरी हा आजार होऊ शकतो.

शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट पाहू नका. प्राणवायू द्या आणि सोबत माणूस देऊन लगेच खाली आणा. उशीर जिवावर बेततो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. ४,००० मीटरवर निरोगी माणसातही आकडा ८५च्या आसपास दिसू शकतो. आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणे जास्त घातक.

गोळीचे काय?

अ‍ॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) ही गोळी शरीराच्या जुळवणीला वेग देते. प्रौढांमध्ये प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे आणि लघवीला वारंवार होणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. ही गोळी घाईच्या कार्यक्रमाला पर्याय नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र पूर्ण टाळा, त्यांनी झोपेत श्वास मंदावतो.

कोणी आधी तपासणी करावी?

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, मधुमेह, रक्तक्षय असलेल्यांनी आणि पूर्वी उंचीवर त्रास झालेल्यांनी निघण्याच्या किमान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. विदर्भ आणि खानदेशातील वाचकांसाठी एक खास सूचना : सिकलसेलचे वाहक एरवी ठणठणीत असतात, पण विरळ हवेत त्यांच्या प्लीहेला इजा होऊ शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी रक्त तपासून घ्या. उंचीवर डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर ती पोटदुखी समजून अंगावर काढू नका.

सरोवराकाठी

पाणी कितीही नितळ दिसले तरी वरच्या कुरणांत मेंढ्या चरत असतात. पाणी खळखळून उकळल्यावर तीन मिनिटे उकळत ठेवा आणि मगच प्या. पोहण्याचा मोह टाळा. बर्फाच्या पाण्यात अचानक उडी घेतल्यास श्वास अडखळतो आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. गॉगल आणि सनस्क्रीन वापरा, कारण उंचीवर अतिनील किरणे तीव्र असतात. भिजलेले कपडे लगेच बदला.

आणि निघण्याआधी गटात एक गोष्ट ठरवून ठेवा : कोणाचे डोके दुखले तर तो सांगेल आणि त्याला कोणी हसणार नाही. बरेचदा आजार बळावतो तो गटाचा खोळंबा नको म्हणून गप्प राहिल्यामुळे.