मोठ्या कुटुंबासह सुट्टीतील क्षेत्रदर्शन : निवासाचा प्रश्न

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की देवस्थानच्या कार्यालयात एकाच स्वरूपाची विचारणा वारंवार होऊ लागते. "आम्ही बावीस जण आहोत. गाणगापूर आणि माणिकनगर करून गावी यावयाचे आहे. एकत्र उतरण्याची सोय कोठे होईल?" विचारणारे भाविक बहुधा भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांतील मूळ रहिवासी, नोकरी-व्यवसायानिमित्त पुणे, मुंबई, सोलापूर, हैदराबाद येथे स्थायिक झालेले. आजी-आजोबा, तिघे भाऊ, जावा-नणंदा, लेकी-जावई व नातवंडे असा सारा परिवार वर्षातून एकदाच, सुट्टीत, एकत्र येतो. चौघांच्या कुटुंबास खोली कोठेही मिळते. बावीस जणांस मात्र सात खोल्या मिळतात, एकत्र जागा मिळत नाही. या दोहोंतील अंतर किती मोठे आहे हे प्रत्यक्ष अनुभवल्यावाचून कळत नाही, म्हणून हे चार शब्द.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. श्रीक्षेत्र गाणगापूर येथे जाणारे कुटुंब आपल्या पुजाऱ्यांच्या घरी उतरत असे. हे घर आजोबा-पणजोबांपासून ठरलेले असे. पत्र टाकले तरी चाले, न टाकता गेले तरी दार उघडे असे. पुरुषमंडळी सोप्यात, बायका-मुले माजघरात, फार गर्दी झाली तर माडीवर सतरंज्या अंथरल्या जात. स्वयंपाकघर सोवळ्याचे, त्यामुळे नैवेद्याची चिंता नसे. दुपारच्या माधुकरीसाठी मुलेही झोळी घेऊन निघत. खाटा किती, खोल्या किती, हा हिशेब कोणी करीत नसे. आजही काही पुजारी मंडळी भाविकांची अशी व्यवस्था करतात आणि ज्यांचा जुना संबंध आहे त्यांनी तो राखावा असे आम्ही आवर्जून सांगतो. मात्र पुजाऱ्यांची कुटुंबेही आता विभागली, वाड्यांच्या जागी स्वतंत्र खोल्या झाल्या. बावीस पाने एका ओळीत वाढता येतील असे माजघर आता क्वचितच दृष्टीस पडते.

येथे एक गोष्ट सहज सांगाविशी वाटते. अविभक्त कुटुंबाविषयीच्या हिंदू कायद्याचा प्रमुख आधार असलेला 'मिताक्षरा' हा ग्रंथ विज्ञानेश्वराने कल्याणच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (इ. स. १०७६ ते ११२६) रचला. ते कल्याण म्हणजेच आपल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. ज्या भूमीत एकत्र कुटुंबाचे शास्त्र लिहिले गेले, त्याच भूमीत एकत्र कुटुंबास एका छताखाली दोन रात्री काढणे दुरापास्त व्हावे, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा.

ज्यांना श्रीगुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण करावयाचे असते त्यांची अडचण याहून बिकट असते. पारायणकर्त्यास जमिनीवर शय्या, हविष्यान्न, ठरलेल्या वेळी स्नान व शांत जागा हवी. त्याच कुटुंबातील पाच वर्षांच्या नातवास यांपैकी काहीच नको असते! अशा परिवाराने पारायण करणाऱ्या दोघा-तिघांसाठी वेगळी खोली व इतरांसाठी मोठे दालन घेणे इष्ट. मठापासून संगम सुमारे ३ किलोमीटर आहे. वृद्धांसाठी मठानजीकच उतरावे व संगमस्नानास वाहनाने जावे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच सभासदांचा एक परिवार क्षेत्रदर्शनास गेला असता एका लॉजमध्ये तीन मजल्यांवर विखुरला गेला. ऐंशीच्या घरातील आजीबाईंना 'शांत झोप लागावी' म्हणून दुसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली देण्यात आली. रात्री त्या स्नानगृहात घसरून पडल्या. आतून कडी होती, हाक कोणास ऐकू गेली नाही. पहाटे काकडआरतीस बोलवावयास सून गेली तेव्हा प्रकार उघडकीस आला. खुब्याचे हाड मोडले होते. त्यानंतर त्या पुन्हा क्षेत्री जाऊ शकल्या नाहीत. लॉजची खोली स्वच्छ होती, भाडेही वाजवी होते, त्यामुळे दोष कोणाला द्यावा? घरी असत्या तर त्यांच्या शेजारी नात झोपली असती, एवढेच. तेव्हापासून आमच्याकडे कोणी चौकशी केली की आम्ही प्रथम 'किती जण' असे न विचारता 'जिना चढू न शकणारे किती, कमोड लागणारे किती, रात्री सोबत लागणारे किती' असे विचारतो. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे तळमजल्यावर किती जागा हवी हे ठरते. उरलेल्यांची सोय दालनात गाद्या घालूनही होते.

मोठे दालन मिळविण्याचा एक मार्ग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे मंगल कार्यालय. आपल्या भागातील कल्याण मंटप लग्नतिथीस महिनोन्‌महिने आधी भरलेले असतात, पण मुहूर्त नसलेल्या दिवशी रिकामेच असतात. तेथे दालन, वधू-वरपक्षाच्या खोल्या, मुदपाकखाना, मोठी पातेली, पाण्याची टाकी असे सर्व काही असते. पंचांग पाहून दिवस ठरवावा. अधिक मासात विवाह होत नाहीत, परंतु तेव्हा क्षेत्रांवर यात्रेकरूंची रीघ लागते, हेही विसरू नये. २०२६ साली १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ मास येतो. भाड्याविषयी एक माहिती उपयुक्त ठरेल. धर्मादाय म्हणून नोंदणी झालेल्या न्यासाने देवस्थानच्या आवारातील जागा दिल्यास, खोलीचे भाडे दिवसाला १,००० रुपयांहून व सभागृहाचे १०,००० रुपयांहून कमी असेपर्यंत त्यावर जीएसटी आकारला जात नाही. बावीस जणांच्या हिशेबात हा फरक जाणवतो.

हुमनाबादजवळील माणिकनगर येथे श्रीमाणिकप्रभूंच्या (१८१७-१८६५) संस्थानातर्फे निवास व महाप्रसादाची व्यवस्था आहे. दत्तजयंतीच्या महोत्सवात मात्र आगाऊ संपर्क केल्याशिवाय मोठ्या परिवाराने जाऊ नये. बीदर शहरात गुरुद्वारा नानक झिरा साहिब येथील यात्री निवास व लंगर सर्वधर्मीयांस खुले आहेत. आपल्यातील काही मंडळी तेथे जाण्यास उगीचच संकोचतात. लेकुरवाळ्या कुटुंबास तेथे मिळणारी आस्था आम्ही स्वतः पाहिली आहे.

प्रवासाविषयी थोडक्यात. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ मध्ये पूर्ण झाल्यापासून हुमनाबाद रेल्वेने जोडले गेले आहे. गाणगापूर रोड स्थानकापासून क्षेत्र सुमारे २० किलोमीटरवर आहे व सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत. रेल्वेच्या एका तिकिटावर सहा प्रवाशांचेच आरक्षण होते, तेव्हा बावीस जणांची किमान चार तिकिटे होतात व डबे वेगवेगळे येऊ शकतात. प्रत्येक तिकिटावर एक जाणता पुरुष किंवा स्त्री असेल अशीच नावे घालावीत. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. आधी जागा निश्चित करावी, मग तिकिटे काढावीत. उलट क्रम केल्याने पस्तावलेली मंडळी आम्हास ठाऊक आहेत. क्षेत्राच्या नावाची बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ पैसे उकळले जातात, तरी पैसे पाठविण्यापूर्वी देवस्थानच्या कार्यालयात बोलून खात्री करावी. पौर्णिमा व गुरुवार टाळता आल्यास उत्तम. मे महिन्यात कलबुर्गी भागात पारा ४० अंशांवर जातो, पाण्याची चणचण भासते, म्हणून लहान मुले असल्यास दिवाळीची सुट्टी आम्ही अधिक सुचवितो.

आता आपल्याच देवस्थानासंबंधी. जुन्या ओवरीत भिंती घालून स्वच्छतागृहासह सहा खोल्या काढाव्यात असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. खोल्यांचे भाडे नियमित येईल व देवस्थानास त्याची गरज आहे, हे कोषाध्यक्षांचे म्हणणे खरे आहे. आमचे मत मात्र असे की ओवरी अखंड ठेवावी, तिच्या टोकाशी दोन खोल्या व कमोडसह दोन स्वच्छतागृहे बांधावीत, पायरीच्या जागी उतार करावा आणि चाळीस गाद्या घ्याव्यात. सहा खोल्यांत अठरा माणसे राहतील. अखंड ओवरीत एक संपूर्ण कुटुंब राहील. उत्पन्न निश्चितच कमी होईल व ती तूट कशी भरून काढावी याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी अद्याप नाही. सभासदांनी आपले मत पुढील बैठकीपूर्वी लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावे.

तोपर्यंत ओवरी पूर्वीप्रमाणेच विनामूल्य उपलब्ध राहील. अंथरूण-पांघरूण व कुलूप सोबत आणावे, प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र ठेवावे आणि येणाऱ्यांची संख्या आठ दिवस आधी कळवावी, म्हणजे पाण्याचा टँकर सांगता येईल.

— सचिव, विश्वस्त मंडळ